सेन्सर बदलण्याआधी मीटर लावा

आळंद तालुक्यातल्या मादन हिप्परग्यासारख्या गावात कपडे वाळवायला ऊन पुरते. ड्रायरची गरज पडते ती मुंबईच्या पावसाळी फ्लॅटमध्ये किंवा परदेशातल्या थंडीत. तिथे तापमान सेन्सरचा एरर दिसला की लगेच तो पार्टच बदलायचा, हा सल्ला मला घाईचा वाटतो. हा सेन्सर बहुधा थर्मिस्टर असतो: तापला की त्याचा विद्युतरोध घटतो. पुष्कळ मॉडेल्समध्ये तो २५ अंश सेल्सिअसला १० हजार ओहम असतो, तर ५० अंशांना चार हजारांच्याही खाली येतो. कंट्रोल बोर्डाला कळतो तो फक्त हा रोध. त्यामुळे वायर तुटली किंवा कनेक्टर सैल झाला, तरी एरर तोच येतो. म्हणून प्लग काढून, यंत्र निवल्यावर, कनेक्टर सोडवावा आणि मल्टिमीटर लावावा. आकडा सर्व्हिस मॅन्युअलशी जुळला आणि सेन्सर बोटांत धरल्यावर हळूहळू उतरला, तर दोष वायरीत किंवा बोर्डात शोधावा.

सेन्सर स्वस्त आहे, मग एवढी खटपट कशाला, असे कोणी म्हणेल. पण लिंट फिल्टर चोंदला असेल तर हवा अडते आणि नवा सेन्सरही जादा तापमानच दाखवतो. शिवाय साठलेले तंतू पेट घेऊ शकतात. एक आक्षेप मात्र रास्त आहे: काही सेन्सर थंड असताना बरोबर असतात आणि तापल्यावर दगा देतात. तेव्हा हेअर ड्रायरची ऊब देत मोजावे. आकडा सलग न उतरता उड्या मारू लागला, तर सेन्सर बदलावाच.