डिजिटल माध्यमे आणि बातमीचे अर्थकारण

वृत्तपत्राचा अंक वाचकाला सामान्यतः उत्पादनखर्चापेक्षा कमी किमतीत मिळतो. ही तूट जाहिरातींच्या उत्पन्नातून भरून निघते. वार्ताहराचे वेतन, जिल्हा प्रतिनिधीचा प्रवास आणि मजकूर तपासणारा उपसंपादक यांचा खर्चही त्यातूनच भागत आला आहे. डिजिटल माध्यमांनी पत्रकारितेत घडवलेला बदल समजून घेताना तंत्रज्ञानापेक्षा या ताळेबंदापासून सुरुवात करणे अधिक उपयुक्त ठरते.

बातमीचे खर्च दोन : ती मिळवून पडताळण्याचा आणि ती पोहोचवण्याचा. इंटरनेटने दुसरा खर्च जवळपास शून्यावर आणला. पहिला होता तेथेच राहिला. दरम्यान जाहिरातदार शोधयंत्रे व समाजमाध्यमांकडे वळला. बातमी एकाची आणि तिच्याभोवतीच्या जाहिरातीचे उत्पन्न दुसऱ्याचे, अशी स्थिती निर्माण झाली. या प्रश्नावर ऑस्ट्रेलियाने २०२१ मध्ये मोबदल्याच्या वाटाघाटींसाठी कायदा केला. भारतात वृत्तप्रकाशकांच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलविरुद्ध चौकशीचा आदेश दिला.

विनाखर्च प्रसाराचे मोल समाजाला मोजावे लागते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भटक्या समाजातील पाच जणांची हत्या केली. अशा अफवा त्या काळात मोबाइलवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. अर्थशास्त्राच्या भाषेत ही प्रसाराची किंमत किंचित वाढवण्याची कृती होय. संदेश खरा की खोटा, हे ती तपासत नाही.

जनसंपर्काचे स्वरूपही पालटले आहे. १९१९ मध्ये पाया घातल्या गेलेल्या पत्र सूचना कार्यालयाचे काम दीर्घकाळ वृत्तपत्रांमार्फतच चाले. प्रसिद्धीपत्रक संपादकाच्या टेबलावर जाई, त्याला कात्री लागे, क्वचित उलट प्रश्नही येत. आता मंत्रालये समाजमाध्यमांवरून थेट नागरिकांशी बोलतात. वेग वाढला, परंतु मधला प्रश्नकर्ता गळाला. हा निव्वळ लाभ आहे, असे मला वाटत नाही. शंका घेणाऱ्या संपादकाच्या हातून गेलेल्या मजकुराला जी विश्वासार्हता लाभे, ती स्वतःच्या खात्यावरील निवेदनाला आपोआप लाभत नाही.

मग पडताळणी करावी कोणी? केंद्र सरकारविषयीच्या खोट्या मजकुराचे खंडन करण्यासाठी पत्र सूचना कार्यालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये तथ्य पडताळणी कक्ष सुरू केला. एप्रिल २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती झाली. सरकारी कक्षाने खोटा किंवा दिशाभूल करणारा ठरवलेला मजकूर कायम ठेवणाऱ्या मंचाचे कलम ७९ खालील कायदेशीर संरक्षण त्यामुळे धोक्यात येणार होते. मार्च २०२४ मध्ये या कक्षाच्या अधिसूचनेला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही दुरुस्ती अनुच्छेद १४ व १९ शी विसंगत ठरवून रद्द केली. परीक्षार्थींनी येथे एक भेद ध्यानात घ्यावा. शासनाने आपली बाजू मांडण्यास वा खंडन करण्यास या निकालाने मनाई केलेली नाही. त्या खंडनाला मजकूर हटवण्याच्या सक्तीचे बळ देणारी तरतूद तेवढी रद्द झाली.