माय फादर इज वर्कर? एक ‘अ’ कुठे गळाला!

रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी मिळावी म्हणून आपली मुले-मुली इंग्रजीत अर्ज लिहितात. ‘जरा बघून द्या’ म्हणून असे अर्ज माझ्याकडे नेहमी येतात. स्पेलिंगच्या चुका पूर्वीइतक्या नसतात. मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून असायचे, ते २००० सालापासून पहिलीपासूनच सुरू झाले, त्याचा थोडाफार उपयोग झाला आहे. चूक सापडते ती निराळीच. ‘माय फादर इज वर्कर इन फॅक्टरी.’ शब्द सगळे बरोबर, पण ‘वर्कर’च्या आधीचा ‘अ’ गळालेला आणि ‘फॅक्टरी’च्या आधीचाही. एवढ्यावरून ‘इंग्रजी कच्चे’ असा शेरा बसतो. त्याहून वाईट म्हणजे मुलगा तो शेरा खरा मानतो आणि मुलाखतीत तोंड उघडायला कचरतो.

‘आर्टिकल’ हा शब्द आपल्या घरांत नवा नाही. घटनेचे आर्टिकल १७ म्हणजे अस्पृश्यता नष्ट करणारे कलम, हे आपल्याकडे लहान मूलही सांगेल. व्याकरणातली आर्टिकल्स मात्र तीनच : अ, ॲन आणि द.

ती गळतात, कारण मराठीत ती नाहीत. पालीत नाहीत, संस्कृतात नाहीत, जपानी, चिनी आणि रशियन भाषांतही नाहीत. तेव्हा इथे अडखळणारा मुलगा मठ्ठ ठरत नाही, जपानचा इंजिनिअरही इथेच अडखळतो. पण या शब्दांनी जो फरक दाखवला जातो, तो मराठी माणसाला कळतच नाही असे थोडेच आहे? दौंड जंक्शनवर उभे राहून कोणी म्हणाले, ‘फलाटावर गाडी उभी आहे’, तर आपण समजतो की कुठली तरी एक गाडी आहे. तोच म्हणाला, ‘गाडी फलाटावर उभी आहे’, तर आपण पिशव्या उचलून पळत सुटतो, कारण ही आपलीच गाडी! शब्द तेच, फक्त जागा बदलली. इंग्रजीत शब्दांच्या जागा सहसा अशा हलवता येत नाहीत, म्हणून तिथे वेगळा शब्द घालावा लागतो. पहिले वाक्य ‘देअर इज अ ट्रेन ॲट द प्लॅटफॉर्म’, दुसरे ‘द ट्रेन इज ॲट द प्लॅटफॉर्म’. म्हणजे मुलाला फरक आधीच ठाऊक आहे. ‘कुठली तरी एक, की तीच?’ एवढा प्रश्न त्याला विचारायला शिकवा. आई-वडिलांना इंग्रजी येत नसले तरी हा प्रश्न विचारता येतो.

एका ठिकाणी मात्र मराठी कान दगा देतो. ‘माझी आई नर्स आहे’ असे आपण म्हणतो, ‘एक नर्स आहे’ असे म्हणत नाही. इंग्रजीत तिथे ‘अ’ हवाच : ‘माय मदर इज अ नर्स’. एका माणसाचा व्यवसाय सांगताना हे पाठच करून टाकावे.

आता ‘अ’ की ‘ॲन’? शाळेत शिकवतात की ए, ई, आय, ओ, यू आले की ‘ॲन’. मग ‘युनिव्हर्सिटी’ला ‘ॲन’ लागते आणि मार्क जातात. खरा नियम उच्चाराचा आहे, आणि उच्चार दाखवायला आपली देवनागरी आहेच की! शब्द देवनागरीत लिहा. पहिले अक्षर स्वर असेल तर ‘ॲन’, व्यंजन असेल तर ‘अ’. अवर, ऑनेस्ट, एम. ए. यांना ‘ॲन’. युनिव्हर्सिटी, युनियन, वन-रुपी नोट आणि बी. कॉम. यांना ‘अ’. आपण बोलताना ‘येष्टी’ म्हणतो, पण इंग्रजीत ती एस. टी., म्हणून ‘ॲन एस. टी. बस’. वर्षाला आपण ‘इयर’ लिहितो, खरा उच्चार ‘यिअर’, म्हणून ‘अ यिअर’. आणि कान म्हणजे ‘ॲन इअर’.

एका ‘अ’ने नोकरीच्या अर्जात काय होते, ते पाहा. ‘आय हॅव अ लिटल एक्स्पीरियन्स’ म्हणजे मला थोडा अनुभव आहे. ‘अ’ गाळून ‘लिटल एक्स्पीरियन्स’ लिहिले की अर्थ होतो, मला अनुभव जवळपास नाहीच. आपल्याच हाताने आपल्याविरुद्ध लिहून दिल्यासारखे! तसेच, मूल शिकायला जाते तेव्हा ‘गो टू स्कूल’, पण आई हेडमास्तरांना भेटायला त्या शाळेच्या इमारतीत जाते तेव्हा ‘गो टू द स्कूल’.

गावाच्या नावाआधी काही नको, नदीच्या नावाआधी ‘द’ हवा. ‘दौंड इज ऑन द भीमा’, ‘शिरूर इज ऑन द घोड’. शिरूरलाच आपण घोडनदी म्हणतो, त्या अर्थाने लिहिताना मात्र ‘द’ नको.

घरात बाबासाहेबांची इंग्रजी पुस्तके असतील तर मुलांना नुसती नावे वाचायला लावा. १९२३ चे ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ : यात दोनदा ‘द’. १९३६ चे ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ : यात ‘कास्ट’आधी काहीच नाही. ‘अ कास्ट’ म्हणजे कुठली तरी एक जात, ‘द कास्ट’ म्हणजे ती विशिष्ट जात. नुसते ‘कास्ट’ म्हणजे जात ही अख्खी व्यवस्था. आणि १९५७ चे ‘द बुद्ध अँड हिज धम्म’. गौतमाला ‘द’ नाही, ते नाव आहे. बुद्धाला ‘द’ आहे, कारण ते पद आहे, मिळवलेले.

जाता जाता बायोडाटाविषयी. विद्यापीठाच्या नावात ‘ऑफ’ आले की आधी ‘द’ येतो, गावाचे किंवा व्यक्तीचे नाव पुढे असले की सहसा येत नाही. पुणे विद्यापीठाचे नाव २०१४ साली बदलले. त्याआधी पदवी घेतलेल्या आमच्यासारख्यांनी ‘फ्रॉम द युनिव्हर्सिटी ऑफ पुणे’ लिहावे. आता पदवी घेणाऱ्या आपल्या मुली ‘फ्रॉम सावित्रीबाई फुले पुणे युनिव्हर्सिटी’ लिहितील, ‘द’शिवाय.