लॉगिनसीटीएल
लॉगिनसीटीएल ही लिनक्स संचालन प्रणालीतील, वापरकर्त्यांच्या लॉगिन-सत्रांचे नियंत्रण करणारी आज्ञा आहे. ती सिस्टमडी या २०१० साली सुरू झालेल्या प्रकल्पाचा भाग होय. अमरावती-अकोल्यातील महाविद्यालयांप्रमाणे जेथे एक संगणक अनेकजण वापरतात, तेथे उघड्या राहिलेल्या सत्रातून आधीच्या विद्यार्थ्याच्या फाइली दुसऱ्याच्या हाती पडू शकतात. ‘लिस्ट-सेशन्स’ ही उपआज्ञा चालू सत्रांची यादी देते. ‘टर्मिनेट-सेशन’ सत्रातील सर्व प्रक्रिया थांबवते, त्यामुळे जतन न केलेले काम नष्ट होते. २०१६ च्या २३०व्या आवृत्तीत लॉगआउटनंतर उरलेल्या प्रक्रिया आपोआप बंद करण्याचे धोरण आले. दीर्घकाळ चालणारी कामेही त्यामुळे थांबू लागल्याने वाद झाला. अशा कामांसाठी ‘एनेबल-लिंगर’ ही उपआज्ञा उपलब्ध आहे.