गटांमधील फरक आणि चाचणीची निवड : जबलपूरच्या मराठी घरांच्या संदर्भात

१९५६ पर्यंत जबलपूर आणि विदर्भ एकाच राज्यात होते. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली; विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि जबलपूर हिंदीभाषक मध्य प्रदेशात राहिले. तेथील मराठी घरांत आजीची मराठी नातवंडांपर्यंत कितपत पोचली, हा भाषाभ्यासकाला सहज सुचणारा प्रश्न आहे. शब्दसंग्रहाची परीक्षा घेऊन गुण मिळवता येतात. अडचण पुढे येते : दोन गटांच्या गुणांतील फरक खरा की योगायोगाचा, हे कोणत्या चाचणीने ठरवावे? संगणक कोणत्याही आकड्यांवर कोणतीही चाचणी करून देतो. तो अभ्यासकाला अडवीत नाही.

केवळ उदाहरणादाखल पाच घरे घेऊ. वीसपैकी आज्यांचे गुण १८, १४, १०, १६, १२ आणि त्याच क्रमाने नातवंडांचे १६, १३, ८, १३, १० आहेत असे समजू. सरासरी अनुक्रमे १४ आणि १२ येते. हे दोन स्वतंत्र गट मानून टी-चाचणी केली, तर टीचे मूल्य सुमारे १.०१ येते. पाच टक्के सार्थकता पातळीला २.३१ हवे, म्हणजे फरक सिद्ध होत नाही. आता प्रत्येक घरातील आजी व नातवंड यांची जोडी लावावी. फरक २, १, २, ३, २ असे मिळतात आणि युग्मित टी-चाचणीत तेच मूल्य सुमारे ६.३२ होते, आवश्यक मूल्य २.७८ असते. आकडे तेच, निष्कर्ष मात्र उलटा. पहिल्या पद्धतीत घराघरांतील मोठ्या तफावतीने पिढ्यांमधील लहान पण सातत्याचा फरक झाकून टाकला होता.

‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या डब्लिनच्या मद्यनिर्मितीगृहातील गॉसेट यांनी १९०८ मध्ये या चाचणीचा पाया घातला. त्यांच्या लेखातील निद्रेविषयीचे उदाहरणही एकाच रुग्णावर दोन औषधांनी झालेल्या परिणामांच्या फरकाचेच होते. जोडीचा विचार हा नंतर सुचलेला बारकावा नव्हे.

जबलपूरमध्ये हे तत्त्व समजून घेण्यासाठी दूर जावे लागत नाही. १९६४ मध्ये स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय याच शहरात आहे. शेताचा एक भाग ओलसर, दुसरा कोरडा असतो. म्हणून कृषिप्रयोगांत शेताचे खंड पाडून प्रत्येक खंडात सर्व वाण पेरतात आणि तुलना खंडाच्या आत करतात. वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे या मराठी संख्याशास्त्रज्ञांच्या १९५४ मधील इंग्रजी ग्रंथाने ही मांडणी देशभरच्या कृषी महाविद्यालयांत नेली. भाषाभ्यासकाने घराला असा खंड मानावे.

आजी, आई आणि मूल अशा तीन पिढ्या असल्यास दोन-दोन पिढ्यांच्या तीन टी-चाचण्या करण्याचा मोह होतो. तिन्ही तुलना परस्परस्वतंत्र धरल्या, तर निदान एक खोटा फरक सापडण्याची शक्यता पाचवरून सुमारे चौदा टक्क्यांवर जाते. येथे घर हा खंड धरून प्रचरण-विश्लेषण करावे. ‘उत्तम, मध्यम, जेमतेम’ अशी केवळ श्रेणी असेल, तर फ्रीडमन यांची क्रमाधारित चाचणी योग्य ठरते. दोन पिढ्यांसाठी विल्कॉक्सन यांची युग्मित चाचणी आहे. मात्र क्रमाधारित चाचणी म्हणजे नेहमीच सुरक्षित मार्ग, हा समज तपासून घ्यावा. पाचच जोड्या असतील आणि पाचही फरक एकाच दिशेचे असले, तरी विल्कॉक्सन चाचणीत दुहेरी संभाव्यता ६.२५ टक्क्यांखाली येऊच शकत नाही. अशा वेळी घरे वाढवणे एवढाच उपाय उरतो.

काय-वर्ग चाचणी ‘मराठी वाचतो’ आणि ‘वाचत नाही’ अशा वर्गांसाठी असते. पण तिलाही प्रत्येक व्यक्ती स्वतंत्र हवी असते. उलट प्रकारची चूक येथेच होते. मराठी मंडळाच्या कार्यक्रमांना जाणारी घरे आणि न जाणारी घरे यांची तुलना करायची आहे आणि वीस घरांतून प्रत्येकी तीन, असे साठ प्रतिसादक आहेत असे समजू. एका घरातील माणसे एकसारखी बोलतात. त्यांच्या गुणांतील सहसंबंध ०.५ असेल, तर साठ जणांच्या माहितीचे वजन तीस स्वतंत्र व्यक्तींइतकेच भरते. साठ धरून केलेली चाचणी नसलेला फरक सार्थ ठरवू शकते. पहिल्या उदाहरणात घर विसरल्याने खरा फरक हरवला, येथे घर विसरल्याने खोटा फरक उगवतो.

म्हणून प्रश्नावलीवर घराचा क्रमांक आरंभीच नोंदवावा लागतो. तो राहून गेल्यास कोण कोणाचे नातवंड, हे नंतर कोणत्याही गणिताने कळत नाही.