एक चुकीचा कोड, गुण शून्य

अमेरिकेच्या पश्चिमेकडील अनेक राज्यांत एल्क, हरीण, रानमेंढा यांच्या शिकारीचे मर्यादित परवाने सोडतीने मिळतात. नंबर लागला नाही, तर बहुतेक ठिकाणी एक गुण जमा होतो.

• प्रेफरन्स पॉइंट : ज्याचे गुण जास्त, त्याला आधी परवाना.

• बोनस पॉइंट : संधी वाढते, हमी नाही. नेव्हाडात गुणांचा वर्ग करतात. १० गुणांचे १००, वर चालू अर्जाचा १.

• आयडाहो, न्यू मेक्सिको : गुणपद्धतच नाही.

गुण जातात कसे? पहिल्या पसंतीचा परवाना लागला की त्या प्राण्याचे गुण साधारणपणे शून्यावर येतात. प्राणी, क्षेत्र, हंगाम, शस्त्र यांनुसार प्रत्येक शिकारीला कोड असतो. त्यातले एखादे अक्षर चुकून भलताच, अगदी कुणाला फारसा नको असलेला परवाना लागला, तरी वर्षानुवर्षांचे गुण खर्ची पडतात. परवाना परत करून ते वाचवता येतात का, याचे नियम राज्यागणिक वेगळे.

• गटाचा अर्ज : कोलोरॅडोत गटातील सर्वांत कमी गुण ग्राह्य, वायोमिंगमध्ये सरासरी.

• अर्जात खंड : नेव्हाडात सलग २ वर्षे, ॲरिझोनात सलग ५ वर्षे अर्ज नसेल, तर बोनस गुण बाद.