‘मान्यवर’: एकच भाव, नेमका साठा

भिंगार आणि नगर ही विणकरांची जुनी ठाणी. इथल्या पेठेत लग्नाचा बस्ता बांधताना घरातील मंडळींचा दिवस साड्यांतच सरतो. नवरदेवाचा पोशाख अखेरीस आठवतो. याच दुर्लक्षित गिऱ्हाइकाला कोलकात्याच्या रवी मोदी यांनी मान दिला.

वडिलांच्या कापडदुकानात तयार झालेल्या मोदी यांनी आईकडून १०,००० रुपये घेऊन स्वतंत्र व्यवसाय मांडला. १९९९ मध्ये ‘मान्यवर’ हे नाव पुढे आले. २००२ मध्ये मुलाच्या नावावरून ‘वेदान्त फॅशन्स’ कंपनी स्थापन झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिचा समभाग ८६६ रुपयांनी विक्रीस आला.

या वाढीमागे दोन नियम दिसतात. पहिला, छापील भाव तोच अंतिम. हंगामाअखेरचा सवलतीचा सेल नाही. शेरवानी एका हंगामात जुनी होत नाही, म्हणून हे साधते. दुसरा, प्रत्येक विक्रीची संगणकावर नोंद आणि खपेल त्याचीच भरती. बहुतेक दालने स्थानिक व्यापारीच चालवतात.

जाहिरातीत अशा कंपनीशी बरोबरी करणे पेठेतील दुकानदाराला परवडणारे नाही. मात्र पडून राहिलेल्या मालात अडकलेले भांडवल मोजणे आणि सर्वांना एकच भाव सांगणे, हे त्याच्याही हाती आहे.