शब्द घरचे, अक्षर हातचं

भेटवस्तूंच्या दुकानात हल्ली भिंतीवर लावायच्या सुविचारांच्या चौकटींचा वेगळा कोपरा असतो. त्यातल्या ओळी चांगल्या असतात, छपाईही देखणी असते. पण ती चौकट साठीच्या समारंभाला चालते, गृहप्रवेशाला चालते आणि निवृत्तीच्या निरोपालाही. हाताने अक्षरं रंगवलेला कॅनव्हास मात्र एकाच माणसासाठी केलेला असतो. तो करायला चित्रकलेच्या परीक्षा दिलेल्या असाव्या लागत नाहीत. नेमकं वाक्य सापडायला हवं आणि अक्षरांना पुरेशी जागा द्यायला हवी.

वाक्य शोधताना आधी पुस्तकांकडे हात जातो. त्याऐवजी ज्याला भेट द्यायची, त्याच्या बोलण्याकडे कान द्यावा. घरोघरी अशी वाक्यं असतात: आजीने लाडवाच्या कृतीत हटकून सांगितलेलं ‘पाक बघून घे’, वडिलांचं ‘होईल व्यवस्थित’. आईचं एक वाक्य तर हजारो घरांत रोज ऐकू येतं, ‘गाडी हळू चालव, पोहोचलास की फोन कर.’ मुलाने आईच्या साठीला हेच वाक्य रंगवून दिलं, तर त्याखाली ‘सप्रेम भेट’ लिहायचीही गरज उरत नाही. आपलं रोजचं बोलणं कोणीतरी जपून ठेवलंय, हे तिला भिंतीकडे पाहताच कळतं.

वाक्य ठरलं की थेट ब्रश उचलू नये. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आहे. पान आधी शिशाने आखून घ्यावं, कडेने जागा सोडावी, अक्षर वाटोळं, सरळ आणि मोकळं काढावं, पहिल्या अक्षराचं वळण शेवटपर्यंत टिकवावं, असं ते सांगतात. एका ओळीतल्या मात्रा-उकारांनी दुसऱ्या ओळीला भिडू नये, असंही बजावतात. पोथी लिहिणाऱ्यांसाठी सतराव्या शतकात दिलेला हा धडा कॅनव्हाससमोर बसणाऱ्याला जसाच्या तसा लागू पडतो, कारण देवनागरीची खरी अडचण जागेची आहे. या लिपीत वेलांटी आणि मात्रा शिरोरेषेच्या वर जातात, उकार खाली उतरतात. दोन ओळींमधल्या पट्ट्यात दोघांचीही गर्दी होते.

आईचंच वाक्य घेऊन पाहा. वरच्या ओळीत ‘गाडी हळू चालव’, खालच्या ओळीत ‘पोहोचलास की फोन कर’ आणि दोन्ही ओळी मधोमध. आता ‘हळू’तल्या ‘ळू’चा उकार जवळजवळ ‘की’च्या डोक्यावरच येतो आणि वेलांटीवर आदळतो. यावर उपाय तीन. ओळींमधलं अंतर वाढवावं, वरची ओळ थोडी डावीकडे सरकवावी किंवा वाक्य तीन ओळींत तोडावं: ‘गाडी हळू चालव’, ‘पोहोचलास की’, ‘फोन कर’. मला तिसरा सर्वांत आवडतो. ‘फोन कर’ला स्वतंत्र ओळ मिळते, ते शब्द मोठे काढता येतात, आणि आईच्या बोलण्यातला जोरही तिथेच असतो. मधल्या ओळीत एकही उकार नसल्याने ‘फो’ची मात्रा निर्धास्त वर जाऊ शकते. ही जुळवाजुळव कॅनव्हासच्या मापाच्या बटर पेपरवर पेन्सिलीने करावी. कागद दूर भिंतीला चिकटवून पाहिला की कुठे दाटी झाली ते लगेच दिसतं. ऱ्हस्व-दीर्घही इथेच तपासून घ्यावेत.

आता कॅनव्हास. पहिल्या प्रयत्नाला बारा बाय सोळा इंचांचा, लाकडी चौकटीवर ताणलेला सुती कॅनव्हास पुरतो. बाजारातल्या कॅनव्हासला जेसो, म्हणजे रंग धरून ठेवणारा पांढरा अस्तर-लेप, बहुधा लावलेलाच असतो. तरी कापडाची वीण ब्रशच्या कडेला अडवते आणि अक्षराची किनार करवतीसारखी दिसते. म्हणून जेसोचे आणखी दोन हात द्यावेत आणि प्रत्येक हात वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवावा. त्यावर पार्श्वभूमीचा अॅक्रिलिक रंग द्यावा आणि तोच रंग थोडा घट्ट झाकणाच्या डबीत राखून ठेवावा. पुढे चूक झाकायला तोच लागतो.

बटर पेपरच्या मागच्या बाजूला खडू किंवा मऊ पेन्सिल घासून, कागद मास्किंग टेपने कॅनव्हासवर पक्का करावा आणि अक्षरं गिरवावीत. कार्बन पेपर टाळावा, त्याचे तेलकट डाग रंगाखालूनही डोकावतात. अक्षरांसाठी चपटा, सिंथेटिक केसांचा ब्रश घ्यावा आणि रंग पातळ ताकाइतका करावा. फार पाणी घातलं तर रंगाची पकड जाते. ओला रंग चुकला तर ओल्या फडक्याने लगेच टिपावा. वाळला असेल तर डबीतला रंग वर द्यावा.

ब्रश धरण्याकडेही लक्ष हवं. देवनागरीसाठी बोरूचं टोक रोमन लिपीच्या उलट बाजूने तिरपं छाटतात. इंग्रजी अक्षरांचे व्हिडिओ पाहून ब्रश तसाच धरला, तर जाड-बारीक रेघांच्या जागा बदलतात आणि अक्षर परकं दिसतं. मोबाइलवरचा नमुना गिरवतानाही सावध राहावं. बऱ्याच फाँटमध्ये हिंदी वळणाचा दांडीचा ‘ल’ असतो. आपला ‘ल’ पाकळीचा. ‘चालव’ आणि ‘पोहोचलास’ असे दोन ‘ल’ असलेल्या वाक्यात हे चटकन नजरेत भरतं. शिरोरेषा शाळेतल्यासारखी शब्द पूर्ण झाल्यावरच द्यावी, एका दिशेने, हात न थांबवता.

अक्षराला स्वभाव असतो, हे मराठी माणसाला नव्याने सांगायला नको. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी रेखाटलेली शीर्षकं पाहून नाटकाची जातकुळी कळायची. र. कृ. जोशी यांनी संगणकासाठी ‘मंगल’ हा फाँट घडवला, आणि ते स्वतः कवी होते. अच्युत पालव यांनी मोडीचा अभ्यास करून अक्षरांना चित्रासारखं कॅनव्हासवर आणलं. त्यांची सफाई आपल्याला एका रविवारात येणार नाही, पण त्यांचा प्रश्न आपण विचारू शकतो: हे वाक्य बोलणाऱ्याचा आवाज कसा आहे? आईच्या काळजीला टोकदार, झपाझप ओढलेली अक्षरं शोभत नाहीत. तिथे गोलाई हवी, जाडी हवी, रंगही उबदार हवा. वडिलांच्या ‘होईल व्यवस्थित’ला सरळ, एकसारखी, ठाम अक्षरं हवीत.

घरात जुनी पत्रं असतील तर त्याहून मोठा ठेवा नाही. आजोबांनी लिहिलेल्या चार शब्दांवर बारीक चौकटी आखाव्यात, तितक्याच, पण आकाराने मोठ्या चौकटी कॅनव्हासवर आखाव्यात आणि एकेक चौकट पाहत अक्षर मोठं करावं. इथे वळण सुधारण्याचा मोह आवरावा. त्यांचा ‘म’ वाकडा असेल तर तो वाकडाच काढावा, ओळख त्यातच आहे.

रंग पुरता वाळल्यावर वर अॅक्रिलिक वॉर्निशचा मंद चमकेचा हात द्यावा. पाठीमागे तारीख, नाव आणि हे वाक्य कोणाचं, हे लिहून ठेवावं. पुढच्या पिढीला तेच उपयोगी पडेल. ताज्या रंगावर बबल रॅपचे ठसे उमटतात, म्हणून वॉर्निश वाळायला काही दिवस हाताशी ठेवावेत.

छापील चौकटीत अक्षरं याहून रेखीव असतील. पण ज्याचं वाक्य त्यालाच परत देण्यासाठी कोणीतरी संध्याकाळी बसून मात्रेला जागा केली, उकार सांभाळला, ही आपुलकी हातानेच करावी लागते. घरात कोणाचा समारंभ जवळ आला असेल, तर रंग आणण्याआधी त्या माणसाशी दोन वेळा निवांत बोला. वाक्य तिथेच मिळेल.